शून्याच्या वरची जागा

“तू अजिबात बदलली नाहीस हं,” लिफ्टचं दार मिटता मिटता सर म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टच्या आरशात स्वतःचा भांग बघू लागले. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला काहीतरी म्हणायचं असतं, ते त्यांनी म्हटलं होतं. तिनंही हसायचं तेवढं हसून घेतलं. पण लिफ्टमधून बाहेर पडल्यावर ते वाक्य तिच्या अंगावर कुसळासारखं राहिलं. दिसत नाही, काढता येत नाही, आणि हात हलवला की टोचतं. बदलली नाहीस. कशावरून? कशाच्या मानानं? मनातल्या मनात ती सरांना केव्हाच अरेतुरे करू लागली होती. या माणसानं उभा जन्म एकच गोष्ट विचारण्यात घालवला होता, की निसर्गातला एक आकडा पूर्वी होता तेवढाच आज आहे का. आणि उजेडाच्या पट्ट्यातल्या एका रेघेकडे बघून बदल कळत नाही, शेजारी न हलणारी दुसरी रेघ लागते, हे तिला त्यानंच शिकवलं होतं, तेव्हा त्याचे केस काळे होते, म्हणजे खरेच काळे होते. आज तिच्या शेजारी कुठली रेघ धरली होती त्यानं? लिफ्टचं बटण? तिचे पाय अर्ध्या मापानं वाढले होते. जुने सगळे जोडे सासूबाईंनी पिशवीत भरून कुणाला तरी देऊन टाकले होते. केस रोज मूठभर मोरीच्या जाळीत सापडत. पोटावरची कातडी दुसऱ्या कुणाची, मापाला न बसणारी, उसनी आणल्यासारखी होती. पण हे सगळं आज इस्त्रीच्या शर्टाखाली, ओळखपत्राच्या दोरीमागे नीट झाकलेलं होतं, म्हणून ती बदललेली नव्हती. वा रे निरीक्षक. अशाच नजरेनं हे लोक दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या उजेडाकडे बघतात आणि वर टाळ्या घेतात.

तिच्या टेबलावर कुणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली होती आणि तिची खुर्ची, जी वर-खाली करायचा खटका तिनं स्वतःच्या गुडघ्यांच्या मापानं बसवला होता, ती कुणा लांब पायांच्या माणसासाठी पार वर गेली होती. लांब पायांचा माणूस समोरच होता. त्याला ती हसरा म्हणायची, अर्थात मनात. तो तिच्या नंतर दोन वर्षांनी आला होता आणि तेव्हापासून हसत होता. निकाल चुकला तरी हसायचा, संगणक बंद पडला तरी हसायचा, सरांनी सगळ्यांसमोर झापलं तरी खालचा ओठ दातांत धरून हसायचा. “नशीबवान आहेस,” तो म्हणाला. “बरोब्बर आजच आलीस. दुपारी पडदा!” जसं काही ती वाट चुकून आली होती. रजा अजून शिल्लक होती. ती अर्धवट टाकून, सासूबाईंची बोलणी खाऊन, नवऱ्याच्या भुवया झेलून ती आली होती ती ह्याच दिवसासाठी, आणि हा तिला नशीब शिकवत होता.

पडदा म्हणजे त्यांच्या कामाची एक रीत होती, आणि या इमारतीत तिला मनापासून आदर वाटावा अशी ती एकच गोष्ट उरली होती. माणसाला जे उत्तर हवं असतं त्याच्याकडे त्याचा हात आपसूक वळतो. हवं ते निघालं की तपासणी थांबते, नको ते निघालं की चूक सापडेपर्यंत चालू राहते. म्हणून यंत्रातून आलेल्या मापांत संगणक एक गुप्त आकडा मिसळून टाकतो. तो काय, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग वर्षानुवर्षं त्या भेसळीच्या मापांवर काम करायचं, घासायचं, पुसायचं, एकमेकांच्या चुका काढायच्या, आणि आता तपासायचं काहीच उरलं नाही असं सगळ्यांना वाटलं की एकदाच, सगळ्यांसमोर, बाहेरच्या पंचाच्या हातानं ती भेसळ काढायची. जे निघेल ते निघेल. त्यानंतर कशालाही बोट लावायचं नाही. पडदा उघडल्यावर केलेली खरी दुरुस्तीसुद्धा खोटी दिसते. आणि म्हणूनच, पडद्याच्या आधी जे करायचं ते आधीच झालं पाहिजे, हे सांगून, दोनदा सांगून, पोट पुढे घेऊन जिन्यात धापा टाकत तिसऱ्यांदा सांगून ती गेली होती.

“सूर्याचं झालं?” तिनं विचारलं.

“कुठल्या सूर्याचं?”

“किती आहेत? लघुग्रहाचं. दुर्बिणीवरच्या दोन संध्याकाळी मागून ठेवल्या होत्या मी.”

“अच्छा, ते होय!” हसरा हसला. “अगं, त्या संध्याकाळी सरांनी दुसरीकडे वळवल्या. आकाशात एक भारी वस्तू हाताला लागली होती. आणि आपला दिवा आहेच की.”

दिवा. यंत्राच्या पोटात थोरियमचा एक दिवा असतो, त्याच्या रेघा कुठे पडतात ते ठाऊक असतं; त्यावरून माप लावायचं. पण दिव्याचा उजेड फटीतून शिरतो तो एका वाटेनं आणि आकाशातला उजेड शिरतो तो किंचित दुसऱ्या वाटेनं, आणि त्या किंचितपणातून यंत्र आपली मापाची पट्टी ताणतं. रबराची पट्टी, आणि तिच्यावर दिव्यानं दिलेलं प्रमाणपत्र. पट्टी ताणली गेली की दूरच्या उजेडातल्या लोखंडाच्या रेघा सरकल्यासारख्या दिसतात, आणि लोखंडाच्या रेघा सरकल्या म्हणजे आकडा बदलला, विश्व बदललं, सरांचा फोटो छापून आला. यावर उपाय एकच. सूर्याच्या रेघा आपल्याला तळहातासारख्या पाठ आहेत. मग सूर्याचाच उजेड अंगावर घेऊन फिरणारा एखादा दगड, एखादा लघुग्रह, त्याच फटीतून बघायचा आणि पट्टी किती ताणते ते पकडायचं. दोन संध्याकाळी पुरल्या असत्या. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्यानं केली तो यांच्याच खात्यात नोकरीला असला पाहिजे.

सरांच्या खोलीत खुर्चीवर नवा कोट टांगलेला होता. त्या कोटाचाही तिला राग आला. “सर, आज पडदा उघडू नका,” ती उभ्याउभ्याच म्हणाली.

“अगं, आत्ता तर आलीस. बस. पाणी घे.”

“सूर्याची चाचणी झालेली नाही.”

“नंतर करू की. सूर्य काय पळून चाललाय?”

“नंतर केली तर कोण मानेल? आणि नंतर कोण करतं सर? तुम्हाला हवं ते निघालं तर तुम्ही करणार नाही, नको ते निघालं तर बाकीचे करू देणार नाहीत.”

सर हसले. हसऱ्याला हे हसणं कुठून मिळालं ते त्या क्षणी दिसलं. “हे बघ, सुतावरून स्वर्ग गाठणं हाच आपला धंदा. आता सुतालाच नावं ठेवत बसलीस तर कसं व्हायचं? पाहुण्या बाई लांबून निघाल्यात, पत्रकार यायचेत. आणि मला खरं सांग,” इथे त्यांनी आवाज मऊ केला, लहान मुलाच्या तोंडात औषध घालताना करतात तसा, “घरी सगळं ठीक ना? झोप होते का?”

झोप. काही पुरुषांना बाईच्या प्रत्येक म्हणण्यावर एक आजार सापडतो. लग्नाआधी रक्त कमी असतं, लग्नानंतर झोप कमी असते, आणि पुढे मग थेट वय होतं. ती बोलली असती तर आवाज चढला असता, आणि आवाज चढला म्हणजे झोपच कमी. ती वळली तेव्हा तिच्या छातीत ती ओळखीची, मुंग्या येऊन दाटल्यासारखी ओढ सुरू झाली. घरी पिल्लू आता जागं होऊन तोंड वळवत असणार. शरीराला दहा अब्ज वर्षांचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याला तेवढं एकच घड्याळ कळत होतं आणि ते अचूक होतं.

संस्थेनं मातांसाठी खोली दिली होती. दारावर तशी नवी पाटी होती आणि पाटीच्या खाली जुन्या पाटीची भोकं होती. आत जुने दिवे ठेवायचे, म्हणजे अजूनही ठेवलेले होते. फळ्यांवर कापसात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या, त्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या. कडी नव्हती, म्हणून तिनं खुर्ची दाराला टेकवली, पंपाची तोटी लावली आणि भिंतीकडे बघत बसली. पंप एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापा टाकत होता. थेंब, थेंब, मग बारीक धार. तिला हसू आलं. विझलेले थोरियमचे दिवे आणि त्यांच्यामध्ये ती, सगळेच एका फळीवर ठेवण्यासारखे. सासूबाई म्हणाल्या असत्या, शोभतंय हो. सासूबाईंचं तोंड म्हणजे धार लावलेली विळी, पण पिल्लाला मांडीवर घेतलं की त्यांचे हात असे काही मऊ व्हायचे की तिला हेवा वाटायचा आणि हेवा वाटल्याचा राग यायचा. “आमची सून आकाशातल्या दिव्यांची मापं घेते,” त्या शेजारणीला सांगत, “म्हणून घरातला दिवा बंद करायला तिला वेळ होत नाही.” आज सकाळीही त्या दारात उभ्या होत्या. “जा बाई जा. तुझ्यावाचून ते विश्व अडलंय.” आणि नवरा मोजा शोधत म्हणाला होता, “आज एक दिवस गप्प बस. पहिलाच दिवस आहे. भांडायला उद्या आहे की.” तो वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो फक्त अशा माणसांपैकी होता ज्यांना दार उघडण्याआधी फटीतून बघायची सवय असते. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हाच, पण इस्पितळ ओळखीचं होतं, म्हणून आधी सांगू नका, असं तिनं तिथे बजावलंही होतं. तपासणीच्या पडद्याकडे पाठ फिरवून, भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत ती पडून राहायची. इतकी वर्षं पडद्याआड काम करून तिला ते न कळणं आवडू लागलं होतं. त्यात एक सभ्यपणा होता. येणाऱ्याला स्वतःच्या पायानं येऊ देणं. आणि एका रविवारी भाजी निवडताना तिच्या लक्षात आलं की नवरा आता मुलग्यांची नावं सुचवत नाही. आधी तो दोन्हीकडची सुचवायचा, एक इकडचं, एक तिकडचं, आणि हसायचा. आता एकाच बाजूची येत होती. तो काही बोलला नव्हता, बोलणारही नव्हता. फक्त एका बाजूची जागा त्यानं सोडायची बंद केली होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली. “तू विचारलंस त्यांना,” ती म्हणाली. तो लाल झाला. आणि मग तिला कळलं की आता तिलाही कळलंय. त्यानं चोरून पाहिलं हे पकडण्याच्या नादात तिनंही पाहिलं होतं. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि त्याला अखेरपर्यंत समजलं नाही की एवढं काय झालं. मुलगी तर मुलगी, छानच की, तूच म्हणत होतीस.

बाटली भरत आली. बाहेर कुणीतरी दार ढकललं, खुर्ची किरकिरली. “कोण आहे आत?” “मी आहे,” ती म्हणाली. “मी म्हणजे कोण?” हा खरा प्रश्न होता, पण विचारणारा वीजवाला निघाला आणि नळी न घेता गेला. तिनं बटणं लावली, बाटली पिशवीत घातली, पिशवी बाहेरच्या सामाईक शीतपेटीत हसऱ्याच्या डब्याच्या मागे सारली. मग आरशात तोंड पाहिलं. बदलली नाहीस. डोळ्यांखाली दोन काळ्या चंद्रकोरी, आणि मध्ये तीच जुनी नजर, समोरच्याचं वाकडं काय ते आधी टिपणारी. एवढं मात्र खरंच बदललं नव्हतं. लहानपणी तिची आजी म्हणायची, या पोरीच्या डोळ्यांत चाळण आहे, गहू खाली पडतो नि खडे तेवढे वर राहतात.

दालनात खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या ओळीत पाहुण्या बाई बसल्या होत्या. दुसऱ्या संस्थेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, मांडीवर हातरुमाल पसरून. त्या पंच होत्या, पडद्याची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांच्याकडे बघून तिला आतून थोडं बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, यांना जाऊन सांगावं. बाजूला घेऊन, शांतपणे. सूर्याची चाचणी राहिलीय, एवढं एक वाक्य. त्या ऐकतील अशा दिसत होत्या. पण तेवढ्यात सर उठले, नव्या कोटात, आणि बोलू लागले. आणि सर बोलू लागले की तिच्या डोक्यात तिरस्काराचा असा काही कढ येई की तिला तो सोडून जाववत नसे, उकळतं दूध सोडून जाववत नाही तसा. “हा आकडा म्हणजे निसर्गाची सही,” सर पत्रकारांना सांगत होते. “प्रकाश आणि अणू यांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे तो ठरवतो. तो बदलला असेल, तर सगळ्या पुस्तकांची पहिली पानं बदलावी लागतील.” निसर्गाची सही! जसं काही निसर्गानं यांच्याकडे येऊन, पेन मागून... मागे भिंतीवर चित्र पडलं. रिकामा आलेख. आडव्या रेघेवर काळ, मागे मागे जाणारा, आजपासून दहा अब्ज वर्षांपर्यंत. उभ्या रेघेवर बदल. मध्ये जाड काळी शून्याची रेघ. पडदा उघडला की ह्या रिकाम्या आलेखावर त्यांचा ठिपका उमटणार होता. रेघेवर पडला तर आकडा आहे तसाच आहे. वर पडला किंवा खाली पडला, तर नाही.

किती कुरूप काढलंय, हे तिच्या मनात आधी आलं. हसऱ्याचंच काम, त्याला कधी समास सोडता येत नसे. शून्याची रेघ अशी वर, छताला चिकटल्यासारखी का? वर चार बोटं जागा नि खाली हातभर. मध्ये काढली असती तर काय झालं असतं, दोन्हीकडे सारखी... ज्याला ठाऊक नसतं तो दोन्हीकडे सारखी जागा सोडतो. भाजीची शेंग. एका बाजूची नावं. खाली हातभर जागा सोडणाऱ्याला माहीत होतं की ठिपका खाली पडणार आहे. कुठे पडणार आहे तेही माहीत होतं. त्याला तो चौकटीच्या बरोबर मध्यावर, फोटोत छान दिसेल असा हवा होता. दालनातल्या कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. सगळे चित्राकडे बघत होते आणि चित्र सगळं सांगून टाकत होतं, निर्लज्जपणे, भर दुपारी. तिच्या छातीतून पाठीपर्यंत एक गरम लाट गेली. राग नव्हता तो, आनंद होता. सापडलात. इतके दिवस हे लोक खोटे आहेत असं तिला वाटत होतं, आज ते भिंतीवर उमटलं होतं. पाहुण्या बाई दोन खुर्च्यांवरच होत्या. वाकून कानाशी सांगता आलं असतं, पटकन चित्र बंद करता आलं असतं. पण कानाशी सांगितलेल्यात ती चव कुठली?

“सर,” ती उभी राहिली. “शून्य एवढं वर का आहे?”

“हं?”

“आलेखात. वर जागाच नाहीये. ठिपका वर पडला तर कुठे ठेवणार? तुमच्या कोटाच्या खिशात?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर मात्र हसले नाहीत, आणि हसरा, आयुष्यात पहिल्यांदा, हसला नाही. त्याच्या खालच्या ओठावर दात तसेच राहिले. पाहुण्या बाईंनी चष्मा लावला, आलेख पाहिला, आणि हातरुमालाची घडी घालायला लागल्या.

“हे कुणी काढलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” हसरा म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“सवयीनं निघालं असेल,” सर मध्येच म्हणाले. “अहो, मुलं आहेत, त्यांना चित्रं काढायला...”

“मी त्यांना विचारलं.”

हसऱ्यानं सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत, आता पुरे कर, अशी विनवणी होती हे तिला नंतर, घरी जाताना, बसच्या खिडकीत डोकं टेकल्यावर कळलं. “पडदा लावायच्या आधीची एक प्रत जुन्या संगणकावर राहिली होती,” तो म्हणाला. “पुसायची राहिली. सर म्हणाले, एकदा सहज चालवून बघ, गणित बरोबर चालतंय का. मी... सहजच बघितलं. मुद्दाम नाही हो बाई.”

“मुद्दाम कोण बघतं,” पाहुण्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, तेच वाईट होतं. त्या उठल्या, किल्ली पिशवीत टाकली. “हे सगळं आता बाजूला ठेवायचं. नवी निरीक्षणं, नवा पडदा. आणि माणसंही नवी. ज्यांनी हे पाहिलंय, त्यांना आता यात हात घालता येणार नाही. कोणाकोणाला ठाऊक आहे?”

सर कोटाची बाही नीट करू लागले. हसऱ्यानं अर्धवट हात वर केला, शाळेत करतात तसा. आणि मग पाहुण्या बाईंची नजर शांतपणे ओळींवरून फिरत फिरत तिच्यापाशी आली, जराशी थांबली, दुःखानं थांबली असं तिला वाटलं, आणि तिला कळलं. तिला आता ठाऊक होतं. शून्याच्या खाली. तिनं ते ओरडून सगळ्या दालनाला सांगितलं होतं. इथल्या प्रत्येकाला आता ठाऊक होतं, मागच्या ओळीतल्या त्या दोन नव्या पोरींनाही, ज्यांनी कालपर्यंत काही पाहिलेलं नव्हतं आणि ज्यांच्या हातात हे काम निर्मळ राहिलं असतं. सूर्याच्या त्या दोन संध्याकाळी, ज्यांच्यासाठी ती उरलेली रजा टाकून आली होती, कधीतरी होतील. लघुग्रह फटीत येईल, पट्टी किती ताणते ते कुणीतरी मोजेल. ती नाही. तिचा हात आता कुणीकडे वळेल याचा तिलाच भरवसा देता आला नसता. तिनं हळूच हात वर केला. शर्टाच्या डाव्या बाजूला एक ओला गोल उमटत चालला होता आणि तिला तो झाकावासा वाटला नाही.

लिफ्टपाशी सर उभे होते, कोट हातावर घेतलेला. ती जिन्याकडे वळणार होती, पण पाय थकले होते, ते अर्ध्या मापानं वाढलेले पाय. दोघंही आत शिरली. आरसा होता, पण या वेळी त्यांनी त्यात पाहिलं नाही. “मला एकट्याला येऊन सांगता आलं असतं,” ते म्हणाले.

“तुम्ही ऐकलं असतंत?”

“नाही.” त्यांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला. “पण बाईंना सांगता आलं असतं. काम वाचलं असतं. तुझंही.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, शर्टाकडे, चंद्रकोरींकडे, डोळ्यांतल्या चाळणीकडे, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, रेघ कुठून कुठे सरकली ते बघावं तसं. “तू अजिबात बदलली नाहीस,” ते म्हणाले. आणि यावेळी मोजमाप बरोबर होतं.

घराचं दार लोटलेलंच होतं. बाटली तिथेच, संस्थेच्या शीतपेटीत, डब्याच्या मागे राहिली होती. आत जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर पिल्लू उशीला टेकवून बसवलेलं, आणि समोर सासूबाई मांडी घालून, चेहऱ्यावर नॅपकिन ओढून. “बुवाऽऽ...” नॅपकिन खाली आला, “...कुक!” पिल्लू अख्ख्या अंगानं हसलं, तोल जाऊन उशीत घुसलं. आवाज न करता ती चौकटीला टेकून बघत राहिली. सासूबाईंनी तिला पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि सकाळपासून विळीसारखं धार लावून ठेवलेलं वाक्य, ते असणारच, त्यांनी गिळलं. “लवकर आलीस,” त्या म्हणाल्या. “मग? बदललाय का तो तुमचा आकडा?”

“सांगता येत नाही, आई.”

“एवढी शिकून?”

“एवढी शिकून.”

“बरं. हात धू. मी पाणी आणते तुला,” म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, आणि जाताना नॅपकिन पिल्लाच्या डोक्यावर टाकून गेल्या. ती सतरंजीवर बसली. कापडाखाली पिल्लू गप्प होतं; खेळाचे नियम त्याला ठाऊक होते, गप्प राहायचं, कुणीतरी ओढेपर्यंत थांबायचं. पण कापडाची एक कड हळूच, अगदी हळूच वर उचलली गेली, आणि खालून एक ओला काळाभोर डोळा तिच्याकडे बघू लागला. चोर. सगळ्या घराण्याची चोर. ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिनं तो नॅपकिन ओढून स्वतःच्याच तोंडावर घेतला. आत दुधाचा, लाळेचा, उन्हात वाळलेल्या कापडाचा वास होता. उजेड विणीतून येत होता. जरासं बघितलं असतं तर पिल्लाचा आकार दिसला असता, हात कुठे आहे, ते पुढे येतंय की कंटाळून भलतीकडे वळलंय. तिनं कापडाच्या आत डोळेही मिटून घेतले. आणि ते इवले हात कापड ओढतील की नाही, केव्हा ओढतील, काही ठाऊक नसताना ती तशीच बसून राहिली.